आप्पासाहेब भोसले, त्यांचे युद्ध आणि आपली ख्रिस्तसभा

गोंदियाजवळचे कामठा आणि नागपूरजवळची कामठी या नावांत परगावच्या माणसाचा नेहमी घोटाळा होतो. परंतु या दोन ठिकाणांचा संबंध केवळ नावापुरता नाही. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या युद्धात एक होरपळले आणि त्याच युद्धाच्या परिणामी दुसरे वसले. कामठीशी आपल्या धर्मप्रांताचे मूळ जोडलेले असल्याने या राजाचे चरित्र आपण जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

आप्पासाहेब हे व्यंकोजी भोसले यांचे पुत्र. १८१६ साली त्यांचे चुलते दुसरे रघुजी वारले. रघुजींचे पुत्र परसोजी दुर्बल असल्यामुळे कारभार आप्पासाहेबांकडे आला. दरबारातील विरोधकांच्या धास्तीने त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. त्यापोटी दरवर्षी साडेसात लाख रुपये द्यावयाचे होते. तो भार अर्थातच रयतेवर पडला. पुढल्याच वर्षी परसोजी मृत्यू पावले. तो खून होता व त्यामागे आप्पासाहेब होते, असा संशय आहे. त्यांचा गौरव करताना ही बाजू झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. संख्येने कितीतरी मोठे असूनही भोसल्यांचे सैन्य हरले. डिसेंबरात राजे इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी त्यांच्या पदरचे अरब शिपाई थकलेला पगार मिळेपर्यंत शहर सोडीनात. भाडोत्री शिपायाची निष्ठा पगाराशी असते. कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील मात्र पदच्युत राजासाठी १८१८ साली उठले. इंग्रज फौजेने कामठ्याचा किल्ला हल्ला करून घेतला. आप्पासाहेब त्याआधीच, मे महिन्यात, कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयास गेले होते. नंतर पंजाब, मंडी असे भटकत ते जोधपूरला पोहोचले आणि १८४० मध्ये तेथेच वारले.

जिंकलेल्या मुलखावर वचक ठेवण्यासाठी १८२१ साली कन्हान नदीकाठी कामठीची छावणी उभी राहिली. तेथे मद्रास सैन्याच्या पलटणी आल्या. त्यांत व त्यांच्यासोबत आलेल्या नोकरचाकरांत कॅथलिक कुटुंबेही होती. १८४६ साली संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी विशाखापट्टणमला उतरले आणि दूरची ही छावणीही त्यांच्या कार्यक्षेत्रात आली. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली. आज गोंदिया जिल्हा याच महाधर्मप्रांतात मोडतो.

आपल्याकडे सुवार्ता सैन्याच्या वाटेने आली, हे आम्ही लपवीत नाही आणि मिरवीतही नाही. येत्या २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करताना गोंदिया परिसरातील भाविकांनी कामठ्याच्या किल्ल्यात दोन्ही बाजूंनी पडलेल्या अनामिक माणसांचेही स्मरण करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.