गोदाकाठी हिमयुग वाचणारे डॉ. सांकलिया

१० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती घराण्यात एक अशक्त मूल जन्मास आले. हे मूल जगते की नाही, याचीच घरच्यांना धास्ती होती. ते मूल पुढे ऐंशी वर्षे जगले आणि त्यातला मोठा काळ त्याने नद्यांच्या दरडी पायाखाली घालण्यात घालवला. विख्यात पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया ते हेच.

पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर पडले. १९०३ साली निघालेल्या या ग्रंथाचा पायाच मुळी हिमयुग हा आहे. उत्तर ध्रुवाजवळ पूर्वी हवा सुखाची होती, पुढे बर्फ आले आणि आर्यांना तेथून निघावे लागले, असे लोकमान्यांचे प्रतिपादन. सांकलियांना त्या वयात त्यातले फारसे उमगले नाही. मात्र टिळक संस्कृत व गणित शिकले होते, तेव्हा आपणही तेच शिकायचे, असा त्यांनी निश्चय केला. न समजलेल्या पुस्तकानेही आयुष्याला वळण लागते, हे वाचून मला तरी मोठा धीर आला. कारण कॉलेजात आल्यापासून अशी पुस्तके माझ्या वाट्याला पुष्कळ आली आहेत.

मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात फादर हेरास यांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. नंतर ते लंडनला गेले, व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात काम शिकले आणि १९३६ साली गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. मिळवून परतले. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले व सांकलिया तेथे रुजू झाले. लोकमान्य ज्या कॉलेजात शिकले, तेच हे कॉलेज.

त्या काळी आपल्याकडे हिमयुगाचा विचार म्हणजे काश्मीर आणि हिमालयाचा पायथा. १९३५ साली डी टेरा व पॅटर्सन यांनी तेथील हिमनद्यांचे थर तपासले होते. पण दक्षिणेत जेथे हिमनदी कधी उतरलीच नाही, तेथे हिमयुगाची खूण कशी ओळखायची? सांकलियांनी साबरमतीचे काठ पाहिले. खाली गोट्यांचा थर, त्यावर गाळ, त्याहून वर वाऱ्याने आणलेली वाळू. १९४९ साली लंडनचे प्रा. झॉयनर भारतात आले. या थरांत पावसाळी आणि कोरड्या काळांची आलटूनपालटून हजेरी लागली आहे, हे त्यांच्या अभ्यासाने स्पष्ट केले. लांघणजच्या वाळूच्या टेकाडावर तर बारीक दगडी हत्यारांसोबत माणसांचे सांगाडेही मिळाले. इरावती कर्वे या कामात सहभागी होत्या. बर्फाची भाषा येथे पावसाच्या लिपीत लिहिलेली आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

साबरमतीनंतर पाळी आली आपल्या गोदावरीची. १९५०-५१ मध्ये नाशिकच्या मातीच्या गढीचे आणि प्रवरेकाठच्या जोर्वे गावाचे उत्खनन झाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. पण गढीपेक्षा मला गंगापूर अधिक मोलाचे वाटते. शहरापासून जवळच असलेल्या या गावाच्या नदीकाठी त्यांना कठीण काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी सापडल्या आणि १९५२ साली त्यांनी गोदावरीच्या पुराणाश्मयुगावर पुस्तक लिहिले. ही हत्यारे शेवटच्या हिमयुगाच्याही फार आधीची. पुढे नेवाशाला प्रवरेच्या काठी त्यांना दुसऱ्या घडणीची, लहान छिलक्यांची हत्यारे वरच्या थरात मिळाली. खालून वर काळ बदलत जातो आणि त्याबरोबर माणसाचा हातही बदलतो, हे महाराष्ट्राच्या मातीतच दिसून आले.

शेवटच्या हिमयुगाचा ऐन भर सुमारे २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वीचा, असे आज मानतात. तेव्हा उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर काही किलोमीटर जाडीचे बर्फ होते. एवढे पाणी जमिनीवर गोठल्यामुळे समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला आणि मुंबईचा किनारा कित्येक कोस पश्चिमेला सरकला. ध्रुवाजवळ त्या काळी सुखाची हवा असणे शक्यच नव्हते. लोकमान्यांचा तो सिद्धांत आज टिकलेला नाही. आपल्याकडे मात्र संकट थंडीपेक्षा पावसाचे होते. समुद्र गार, त्यामुळे वाफ कमी. हिमालयापलीकडची जमीन तापेना, त्यामुळे मोसमी वारेही दुबळे. नदीला जोराचा पूर येईना, मग तिने गाळ वाहून न नेता जागीच टाकला आणि पात्र वर वर चढत गेले. पुढे सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी पाऊस वाढला, तेव्हा तीच नदी आपलाच गाळ कापत खाली उतरली. आज गोदावरी-प्रवरेच्या काठी ज्या उंच दरडी दिसतात, त्यांतला बराच भाग हा असा साठलेला आहे. डेक्कन कॉलेजातील डॉ. शरद राजगुरू आदींनी हा उलगडा पुढे अधिक नेमका केला.

आमच्या गावाकडे हीच माती वीटभट्टीला जाते. माझ्या वडिलांनी ती वर्षानुवर्षे खोदली आहे. कोणती माती भाजल्यावर तडकते, कोणती नाही, हे ते हातात घेताच सांगतात. त्या विटांची घरे आमच्याच लोकांची आहेत, म्हणून भट्ट्या बंद करा असे माझ्याने म्हणवत नाही. पण दरड एकदा संपली की तिच्यातला तो कोरडा काळही संपला, पुन्हा वाचायला मिळणार नाही. खोदण्याआधी कोणी जाणत्याने ती पाहून जावी, एवढे तरी व्हायला हवे.

सांकलिया वयाच्या साठीतही स्वस्थ बसले नाहीत. १९६९ साली ते काश्मिरात पहलगामला गेले आणि लिद्दर नदीकाठी, हिमनदीने आणलेल्या दगडगोट्यांत त्यांना आदिमानवाची हत्यारे दिसली. लहानपणी ज्या बर्फाविषयी वाचले, त्याच्या खुणांवर ते अखेर उभे राहिले. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

याच सुमारास चाळीसगावजवळ पाटणे येथे श्री. साळी यांना शहामृगाच्या अंड्याचे कवच आणि त्याचे मणी सापडले. कवचावर आडव्या-उभ्या रेघांची नक्षी आहे. रेडिओकार्बन पद्धतीने त्याचे वय सुमारे २५,००० वर्षे आले. आज शहामृग आफ्रिकेच्या मोकळ्या माळरानावर राहतो. म्हणजे तेव्हा आपल्या खानदेशातही तसेच रुक्ष, गवताळ माळ असावेत आणि त्यावर दागिना घडवणारी माणसे.

२८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात डॉ. सांकलियांचे निधन झाले. पाटण्याच्या या शोधांवरील साळींचा ग्रंथ त्याच वर्षी डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला.