शहराचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

बाप्पांच्या मिरवणुकीची तयारी सुरू झाली की आम्हां सुरतकर मराठी मंडळींनी एका परदेशी प्राध्यापकाचेही स्मरण करावे, असे वाटते. पॅट्रिक गेडिस हे त्यांचे नाव.

१८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत काही काळ त्यांची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकाचे काम मागे पडले. पुढे डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पण रोपांइतक्याच आस्थेने त्यांनी वस्त्या अभ्यासल्या. एडिंबरोच्या मोडकळीस आलेल्या वस्तीत पत्नी अ‍ॅनासह राहून त्यांनी जुनी घरे सावरली.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे सामान आणणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. तरी ते खचले नाहीत. मुंबई इलाख्यातील शहरे त्यांनी अभ्यासली; आपले सुरत तेव्हा याच इलाख्यात होते. शेजारच्या बडोदे संस्थानच्या राजधानीसाठी १९१६ मध्ये अहवाल लिहिला. त्यांचा आग्रह एकच : रस्त्यासाठी सगळी आळी पाडू नका, आधी पायी हिंडा, मग अडचणीचे तेवढेच काढा. डासांच्या भीतीने तळी बुजवू नका. त्यांत मासे सोडा.

१९१७ मध्ये मुलगा महायुद्धात पडला, त्याच वर्षी पत्नीही गेली. गेडिस कामात राहिले. प्लेगने गांजलेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. जो भाग सर्वांत स्वच्छ, तिथून ती जाणार! घरोघरी झाडलोट झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि सफाई कामगार मानाने चालले.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गो. स. घुर्ये यांना विलायतेच्या शिक्षणासाठी त्यांनीच निवडले. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

१९९४ च्या प्लेगमध्ये आमच्यापैकी कित्येकांनी घराला कुलूप लावून सुरत सोडली होती. तेच सुरत २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या जोडीने पहिले आले. कोरडा पडलेला गोपी तलावही पुन्हा भरला. हे राखणे आता आपल्याच हाती आहे. यंदा मिरवणूक पुढे गेल्यावर मागचा रस्ता आपणच झाडू या, आणि झाडणाऱ्या हातांना पहिला प्रसाद देऊ या.

गणपती बाप्पा मोरया!