नामदार शास्त्री आणि केनियाचा प्रश्न

चेन्नई : गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनानंतर १९१५ मध्ये पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आली. कुंभकोणमजवळील वलंगैमान येथे २२ सप्टेंबर १८६९ रोजी गरीब पुरोहिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापकपद सोडून ते १९०७ मध्ये गोखल्यांच्या संस्थेत दाखल झाले.

इंग्रजी वक्तृत्वाने त्यांनी साम्राज्यभर कीर्ती मिळवली. तरीही त्यांचा सर्वांत जिव्हारी लागणारा पराभव आफ्रिकेच्या प्रश्नावर झाला. केनियातील सुपीक उंच प्रदेश गोऱ्यांसाठी राखीव होता. तेथे जमीन घेण्याचा हक्क आणि सर्वांची सामायिक मतदारयादी, या भारतीयांच्या मागण्या घेऊन शास्त्री १९२३ मध्ये लंडनला शिष्टमंडळासह गेले. त्या वर्षीच्या जुलैमधील श्वेतपत्रिकेने दोन्ही मागण्या नाकारल्या. विधिमंडळात गोऱ्यांना ११, तर भारतीयांना स्वतंत्र मतदारसंघातून ५ जागा मिळाल्या. ब्रिटिश न्यायबुद्धीवर भिस्त ठेवणाऱ्या या नेमस्त नेत्याची घोर निराशा झाली.

मात्र भारतीयांची मागणी फेटाळताना सरकारने केनिया हा मूलतः आफ्रिकी लोकांचा प्रदेश असून तेथे त्यांचेच हित सर्वोपरी राहील, असे जाहीर केले. हेतू उदात्त होता, असे म्हणणे कठीण. उंच प्रदेश गोऱ्यांकडेच राहिला. परंतु लिहून दिलेला शब्द मागे घेणे साम्राज्याला सोपे नव्हते आणि गोऱ्या वसाहतवाल्यांच्या स्वराज्याचा मार्गही त्यामुळे अडला. किकुयूंच्या जमिनींचे गाऱ्हाणे घेऊन जोमो केन्याटा १९२९ मध्ये लंडनला पोहोचले.

गांधीजींच्या आग्रहावरून शास्त्री १९२७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत भारताचे पहिले एजंट झाले. डरबनचे शास्त्री कॉलेज ही त्या कारकिर्दीची खूण. तेथेही त्यांचा झगडा भारतीयांच्या प्रतिष्ठेपुरताच राहिला; कृष्णवर्णीयांसोबत एकत्र लढ्याची कल्पना त्यांच्या राजकारणात बसत नव्हती. ही मर्यादा त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

ऑक्टोबर १९४५ मध्ये मँचेस्टरच्या पाचव्या अखिल आफ्रिकी परिषदेत केन्याटा आणि क्वामे एन्क्रुमा यांनी अर्जविनंत्यांऐवजी थेट स्वातंत्र्याची मागणी केली. तेव्हा शास्त्री मद्रासमध्ये अखेरच्या आजाराकडे झुकले होते. जानेवारी १९४६ मध्ये गांधीजी त्यांना रुग्णालयात भेटून गेले. १७ एप्रिल १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला.