विश्लेषण : डिकन्सच्या जुन्या प्रतींमध्ये संग्राहक ‘फिझ’ची चित्रे का शोधतात? कोण होते हे चित्रकार?

‘डेव्हिड कॉपरफील्ड’ किंवा ‘ब्लीक हाऊस’ची एकोणिसाव्या शतकातली प्रत हाती आली की अनुभवी संग्राहक मजकुराकडे नंतर वळतो. आधी तो चित्रे मोजतो, त्यांच्या कोपऱ्यातली सही पाहतो. बहुतेक चित्रांखाली सापडते ते ‘फिझ’ हे टोपणनाव. डिकन्सच्या दहा कादंबऱ्यांना चित्रे देणाऱ्या या माणसाला हयातीत चित्रागणिक पैसे मिळाले आणि तेवीस वर्षांच्या सोबतीनंतर साधा निरोपही न घेता बाजूला सारण्यात आले.

फिझ म्हणजे कोण?

हॅब्लॉट नाईट ब्राऊन यांचा जन्म जुलै १८१५ मध्ये लंडनच्या दक्षिणेकडील लॅम्बेथ भागात झाला. ब्राऊन दाम्पत्याचे ते चौदावे अपत्य म्हणून वाढले. मात्र त्यांच्या वंशज आणि चरित्रकार व्हॅलरी ब्राऊन लेस्टर यांच्या मते ते या घरातल्या थोरल्या मुलीचे पुत्र होते आणि वडील होते वॉटर्लूच्या लढाईत मारले गेलेले नेपोलियनच्या सैन्यातले निकोलस हॅब्लॉट. हे नाव मुलाला कायमचे चिकटले, ते का हे बाहेर कोणी बोलले नाही. स्वभावाने ब्राऊन अबोल, गर्दीपासून लांब राहणारे. टोपणनावाआड राहणे त्यांना मानवले असावे.

शिक्षण झाले ते फाइंडन यांच्या उत्कीर्णनाच्या कारखान्यात. तिथे एकेक रेघ मोजून काढावी लागे आणि या कामाचा त्यांना कंटाळा होता. १८३३ मध्ये, उमेदवारी चालू असतानाच, सोसायटी ऑफ आर्ट्सचे पदक त्यांना मिळाले.

‘पिकविक’ची संधी कशी आली?

एका मृत्यूमुळे. एप्रिल १८३६ मध्ये ‘पिकविक पेपर्स’ एका शिलिंगाच्या मासिक भागांत सुरू झाली. तिचे चित्रकार रॉबर्ट सेमूर यांनी त्याच महिन्यात आत्महत्या केली. त्यांच्या जागी आलेल्या रॉबर्ट बस यांना एचिंगचा सराव नव्हता. दोन चित्रांनंतर प्रकाशकांनी त्यांना काढले. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले थॅकरेही या कामासाठी नमुने घेऊन गेले होते, पण निवड झाली विशीतल्या ब्राऊन यांची. त्यांची चित्रे आली त्या चौथ्या भागातच सॅम वेलर हे पात्र अवतरले आणि खप वाढू लागला. सुरुवातीला काहीशे प्रतींपुरती असलेली ही मालिका अखेरीस सुमारे चाळीस हजारांवर गेली.

आज मूळ हिरव्या वेष्टनातले सुटे भाग जमवणारे नेमके हेच गोंधळ शोधतात. बस यांची दोन चित्रे पुढे बदलून तिथे फिझची चित्रे घातली गेली. त्यामुळे बस यांची चित्रे शाबूत असलेला भाग अधिक मोलाचा. ब्राऊन यांनी आरंभीच्या चित्रांवर ‘निमो’, म्हणजे ‘कोणीच नाही’, अशी सही केली होती. ‘बॉझ’ या डिकन्सच्या टोपणनावाशी जुळावे म्हणून ते लगेचच ‘फिझ’ झाले. सही ‘निमो’ असेल तर छपाई आरंभीची, असा संग्राहकांचा ठोकताळा.

एकाच चित्रात फरक का आढळतो?

ब्राऊन कागदावर रेखाटन करीत, ते मेणाचा लेप दिलेल्या पोलादी पत्र्यावर उतरवीत आणि सुईने रेघा मोकळ्या करीत. मग त्यांचे जुने सहकारी रॉबर्ट यंग पत्रा आम्लात बुडवून रेघा खोल करीत. खप एवढा वाढला की एका पत्र्यावर भागेना. एकच चित्र दोनदा, कधी तीनदा कोरावे लागे. हाताने कोरलेले म्हटल्यावर कुठे टोपी सरकते, कुठे झाडाची फांदी वळते. ‘मार्टिन चझलविट’च्या शीर्षकचित्रातल्या खांबावरच्या बक्षिसाच्या पाटीत पौंडाचे चिन्ह काही प्रतींत शंभराच्या आधी, तर काहींत नंतर आहे. नंतर चिन्ह असलेली प्रत पहिली, असे विक्रेते वर्षानुवर्षे सांगत आणि त्यानुसार किंमत लावत. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की हे पत्रे छपाईला एकाच वेळी वापरात होते. तरीही जाहिरातींत हा मुद्दा अजून मिरवतो.

चित्रे कथेला काय देत होती?

जानेवारी १८३८ च्या अखेरीस डिकन्स आणि ब्राऊन भर हिवाळ्यात यॉर्कशायरला गेले. नको असलेली मुले स्वस्तात ठेवून घेणाऱ्या तिथल्या शाळा त्यांना पाहायच्या होत्या. कोणाच्या तरी मुलाला शाळा हवी आहे, असा बहाणा केला होता. त्यातून ‘निकोलस निकलबी’मधला क्रूर शाळामास्तर उभा राहिला, शब्दांत आणि रेघांतही.

एरवी मात्र ब्राऊन यांना बहुतेकदा प्रकरण लिहून होण्याआधीच, नुसत्या सूचनांवर काम करावे लागे. ‘डोम्बी अँड सन’मधले छोट्या पॉलचे एक चित्र डिकन्सला इतके खटकले की त्याने मित्राकडे तक्रार केली. हे थोडे अन्यायाचेच होते, कारण चित्रकाराला मजकूर वेळेवर मिळत नसे.

त्यांचे सर्वोत्तम काम बहुधा ‘ब्लीक हाऊस’मधले (१८५२-५३). चाळीसपैकी दहा चित्रांत पत्र्यावर आधी यंत्राने बारीक समांतर रेघा ओढून मग त्यावर चित्र कोरले आहे. या ‘डार्क प्लेट्स’मध्ये माणसे जवळपास नाहीत. आहे तो रिकामा जिना, धुके, अंधारी वाट. विनोदी चित्रकार म्हणून ओळखल्या गेलेल्या ब्राऊन यांचे हे दुसरे रूप पाहण्यासाठीच अनेक जण ही कादंबरी मिळवतात. मात्र छपाई आरंभीची हवी. झिजलेल्या पत्र्यावरून काढलेल्या प्रतीत हा अंधार नुसता करडा दिसतो.

फारकत का झाली?

१८५९ ची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही दोघांची शेवटची कादंबरी. पुढची सचित्र कादंबरी डिकन्सने तरुण मार्कस स्टोन यांच्याकडे सोपवली. कारण सांगितले नाही. डिकन्सचे ज्या प्रकाशकांशी बिनसले होते, त्यांच्या साप्ताहिकासाठी आपण चित्रे काढतो हे त्याला रुचले नसावे, अशी शंका ब्राऊन यांना आली. काळही बदलला होता. वाचकांना आता लाकडी ठशांवरची, खऱ्या माणसांसारखी दिसणारी चित्रे आवडू लागली होती. ट्रॉलप यांनीही ‘कॅन यू फरगिव्ह हर?’ अर्ध्यावर असताना ब्राऊन यांच्याऐवजी दुसरी चित्रकार घेतली.

१८६७ मध्ये पक्षाघातासारख्या आजाराने ब्राऊन यांच्या उजव्या हाताचा अंगठा निकामी झाला. तरी घर चालवायचे म्हणून सबंध हात हलवत ते चित्रे काढत राहिले. १८७४ च्या स्वस्त आवृत्तीसाठी त्यांनी ‘पिकविक’ पुन्हा चितारली. तिथल्या जाड, अडखळत्या रेघा पाहून संग्राहक ती आवृत्ती सहसा बाजूला ठेवतात. अखेरच्या वर्षांत रॉयल अकादमीने छोटे निवृत्तिवेतन दिले. ८ जुलै १८८२ रोजी ब्रायटनजवळ त्यांचे निधन झाले.

मूळ पत्र्यांचे काय झाले?

डिकन्सच्या प्रकाशकांकडे ते पडून होते. १९३७-३८ मध्ये नॉनसच प्रेसने तेवीस खंडांची डिकन्स आवृत्ती काढली तेव्हा पत्रे आणि लाकडी ठसे मिळून ८७७ नग हाती आले. म्हणून संचही ८७७ च छापले. प्रत्येक संचासोबत पुस्तकाच्या आकाराच्या पेटीत एक मूळ नग. त्यात फिझसोबत इतर चित्रकारांचेही काम होते. त्यामुळे कोणत्या संचाला फिझचा पोलादी पत्रा आला आणि कोणाला दुसऱ्याचा लाकडी ठसा, यावर आजही या संचांची किंमत बदलते.