खंजिरीचा आवाज

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर हे प्राचीन गाव आहे. ही विदर्भाची राजधानी व रुक्मिणीचे माहेर, असे परंपरा सांगते. भावाने ठरविलेला विवाह रुक्मिणीला मान्य नव्हता. तिने पत्राद्वारे आपले मन श्रीकृष्णाला निर्भयपणे कळविले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मनातील सत्य निर्भयपणे बोलणारा एक संत याच परिसरात पुढे होऊन गेला. ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी एका गरीब घरात झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. हाती खंजिरी घेऊन ते गावोगाव भजने गात. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती आणि अस्पृश्यतानिवारण यांचा उपदेश ते साध्या बोलीत करीत. कौंडण्यपूर ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील मोझरी येथे त्यांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापिला. पुढील वर्षी ते सेवाग्रामला महात्मा गांधींच्या सहवासात राहिले. देशभक्ती हाही त्यांच्या भजनांचा विषय झाला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये छोडो भारत चळवळ सुरू झाली. इंग्रज सरकारने पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले; सभा, मिरवणुका व वृत्तपत्रे यांवर बंधने घातली. परंतु खंजिरीचा आवाज खेड्याखेड्यांत घुमतच होता. १६ ऑगस्ट रोजी चिमूर व आष्टी येथे लोकांनी मोर्चे काढले. पोलिसांनी गोळीबार केला. काही देशभक्त हुतात्मे झाले. खवळलेल्या जमावाच्या हातून काही अधिकारी व पोलीसही मारले गेले. महाराजांच्या भजनांनी लोक पेटले, असे सरकारला वाटले. त्याच महिन्यात महाराजांना चांदा येथे अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. डिसेंबरात त्यांची सुटका झाली आणि खंजिरी पुन्हा वाजू लागली.

मुलांनो, येथे थोडा विचार करा. हिंसा आवरणे हे कोणत्याही राज्याचे कर्तव्यच आहे. परंतु हिंसा आवरणे वेगळे आणि अप्रिय विचाराचे तोंड बंद करणे वेगळे. परकीय सरकारने हा भेद पाळला नाही. ज्या कायद्यांनी लोकांना गप्प केले जाई, ते कायदे बदलण्याची सत्ता लोकांच्या हाती नव्हती.

स्वतंत्र भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकांना भाषणाचे, तसेच शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले. सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी शासन त्यास मर्यादा घालू शकते. परंतु ती मर्यादा कायद्याने घातलेली व वाजवी असावी लागते. ती तशी नसेल, तर नागरिकाला न्यायालयात दाद मागता येते.

महाराजांनी पुढे ग्रामगीता लिहून खेड्यांच्या उन्नतीचा मार्ग दाखविला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, अधिकारपद नव्हते. होती केवळ एक खंजिरी. तरीही बलाढ्य साम्राज्याला तिची भीती वाटली. निर्भय आणि निःस्वार्थ वाणीचे सामर्थ्य असे असते. ते आपल्यालाही लाभले आहे. त्याचा उपयोग विचारपूर्वक करणे, ही आपली जबाबदारी आहे.