दादासाहेब फाळके : चमत्कारामागचे हात

आपल्या वसतिगृहातील लहानग्यांना अ‍ॅनिमेशनपटांची मोठी ओढ असते. पडद्यावर उंदीर बोलतो, हत्ती उडतो, झाडे चालू लागतात आणि मुले देहभान विसरून पाहत राहतात. या कलेचा आपल्या देशातील आरंभ कोठे झाला, याचा शोध घेतला असता आपण एका कुंडीपाशी येऊन पोहोचतो. त्या कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरलेला होता आणि तिच्यासमोर कॅमेरा लावून बसलेले गृहस्थ होते धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका वैदिक ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. परंतु मुलाचा कल हस्तकौशल्याकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण व मुद्रणाच्या प्रक्रिया आत्मसात केल्या. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असताना प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल मृत्युमुखी पडले. १९०२ मध्ये त्यांचा सरस्वतीबाईंशी विवाह झाला. काही वर्षे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केल्यावर ते मुद्रणव्यवसायाकडे वळले. आपल्या मुळशीच्या उत्तरेस, डोंगरांपलीकडे, मावळातील मळवली-लोणावळा परिसरात त्या काळी रविवर्म्यांच्या चित्रांचे शिळामुद्रण होत असे. तेथेही दादासाहेबांनी काम केले. भाजे आणि कार्ले येथील बौद्ध लेणी याच परिसरात आहेत.

पुढे भागीदारांशी न पटल्याने त्यांनी मुद्रणालय सोडले. याच सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि चित्रपट निर्माण करण्याचा ध्यास घेतला. अहोरात्र चित्रपट पाहणे आणि प्रयोग करणे यांमुळे त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. उपचारांनी ती परत आली. विम्याची कागदपत्रे गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेथील निर्मितीचे तंत्र पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले.

चित्रपटासाठी भांडवल हवे होते. पण कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला आणि सुमारे महिनाभर, ठरावीक अंतराने, त्याची एकेक चौकट टिपली. दाण्यातून अंकुर फुटून वेल कसा वाढतो, हे पडद्यावर अवघ्या काही क्षणांत दिसले. ते पाहून भांडवल देणारे पुढे आले. एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपायची आणि मग सलग दाखवायची, हेच अ‍ॅनिमेशनचे मूलतत्त्व होय. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये शेकडो रेखाचित्रांपासून चित्रपट घडविला होता. दादासाहेबांनी महायुद्धाच्या टंचाईच्या काळात, १९१५ च्या सुमारास, साध्या आगकाड्या किंचित सरकवीत आणि टिपत ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार केला. तो आज उपलब्ध नाही.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याचे श्रेय दादासाहेबांना मिळाले आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामागचे इतर हात इतिहासाने फारसे मोजले नाहीत. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, उन्हात पांढरे पडदे धरून उभे राहणे ही कामे त्यांनी केली आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके पुढे आले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत. ते नमस्कार खरे तर एका कष्टकरी माणसाच्या कलेला जात होते.

दादासाहेबांनी बहुतेक कथा पुराणांतून घेतल्या. आंबेडकरी विचाराने चालणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या कथांतील देवत्व आणि वर्णव्यवस्था मान्य होण्याजोगी नाही. मात्र त्यांचा कारखाना पाहिला तर तेथे दैवी असे काही आढळत नाही. हनुमानाचे उड्डाण काय किंवा कृष्णाचे कालियामर्दन काय, सारे काही प्रकाश, रसायन, यंत्र आणि मानवी श्रम यांतून घडले होते. कारणांवाचून कार्य नाही, ही तथागतांची शिकवण त्या वाटाण्याच्या वेलाइतकी स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल.

पुढे भागीदारांशी मतभेद झाले, बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १९३७ मध्ये कोल्हापूरच्या ‘गंगावतरण’ने त्यांची कारकीर्द संपली. त्याच वर्षी अमेरिकेत डिस्ने यांचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट प्रदर्शित झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, जवळजवळ विस्मृतीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

१९५६ हे वर्ष आपण कधीच विसरत नाही. त्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूर येथे धम्मदीक्षा दिली. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये अ‍ॅनिमेशनचा विभाग उभा राहिला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी येथील चित्रकारांना शिकविले आणि १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ हा रंगीत लघुपट तयार झाला. त्याची कथा न्यग्रोधमृग जातकातली आहे : गर्भवती हरिणीच्या ऐवजी मृगराज स्वतःची मान पुढे करतो आणि राजाचे मन पालटते. आपली मुले प्रार्थनेनंतर जातककथा ऐकतात. त्यांतलीच एक कथा भारतीय अ‍ॅनिमेशनच्या पायाशी आहे, हे त्यांना सांगितले पाहिजे.

मुले पडद्यासमोर बसतील तेव्हा त्यांना रोखू नये. हे कोणी केले, कसे केले आणि कोणाचे नाव राहून गेले, एवढे मात्र त्यांना विचारायला शिकवावे. एखाद्या वर्गाने कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याचे एक चित्र काढावे. महिन्याअखेरीस ती चित्रे भराभर उलटताना चमत्कारामागचे हात त्यांना स्वतःच्याच हातांत दिसतील.