पिवळ्या कंठाची चिमणी

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात प्रथमच गेलेला मुलगा पशुपक्ष्यांच्या दालनात हमखास रेंगाळतो. काचेमागे फांदीवर बसलेला धनेश, पाण्याकाठी उभा असलेला रोहित, झेप घेण्याच्या पवित्र्यातील ससाणा, हे सारे आता हलतील, आता उडतील, असे त्याला वाटत राहते. पण त्या डोळ्यांच्या ठिकाणी काचेचे मणी असतात आणि पिसांखाली असतो तो नुसता कापूस. त्या दालनात येणाऱ्यांना पक्ष्यांची ओळख करून देण्याचे काम एके काळी ज्यांच्याकडे होते, त्या डॉ. सलीम अली यांचे हे चरित्र आहे.

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एका वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना मुंबईतील खेतवाडीच्या आपल्या घरी सांभाळले. मामांना शिकारीचा नाद होता, आणि भाच्यालाही तो लागला. छऱ्याची छोटी बंदूक घेऊन चिमण्या टिपत हिंडणे हा त्या वयातील सलीमचा मोठा आनंद होता.

एके दिवशी बंदुकीने पडलेली एक चिमणी त्याने हातात घेतली. चिमण्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या, पण हिच्या कंठावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, आणि ही खाण्यास योग्य की अयोग्य, असा प्रश्न त्याने मामांना विचारला. मामांना उत्तर ठाऊक नव्हते. मात्र ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. 1883 साली स्थापन झालेल्या या संस्थेत निसर्गाचा अभ्यास करणारी जाणती मंडळी होती. मामांनी चिमणीसह भाच्याला संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले.

दहा-अकरा वर्षांचा तो मुलगा कागदाच्या पुडीत मेलेली चिमणी घेऊन, भीतभीत त्या इंग्रज गृहस्थांसमोर उभा राहिला. मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली. ती पिवळ्या कंठाची रानचिमणी होती. एवढे सांगून त्याला परत पाठविता आले असते, परंतु त्यांनी त्याला आत नेले आणि संस्थेच्या संग्रहाचे कप्पे एकामागून एक उघडून दाखविले. कप्प्यांत शेकडो पक्षी ओळीने निजलेले होते, आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली होती. वाचण्यासाठी पुस्तके तर त्यांनी दिलीच. पण मनात असेल तर पक्ष्यांचे कातडे काढून ते टिकविण्याची विद्याही शिकवू, असे आश्वासन दिले. आपल्या आयुष्याचा मार्ग त्या दिवशी ठरला, असे सलीम अली पुढे मानीत. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी चिमणीवरूनच ठेवले.

ही विद्या वरवर किळसवाणी वाटते, पण तिला फार नाजूक हात लागतो. साधने तशी थोडीच लागतात : एक धारदार लहान सुरी, बारीक टोकाची कात्री, चिमटा, सुई-दोरा, मोजपट्टी, कर्कटक, कापूस, बांबूच्या काड्या, मक्याचे पीठ किंवा लाकडाचा बारीक भुसा, आणि सोमल घातलेला साबण. पक्षी हाती येताच त्याच्या चोचीत व जखमेत कापसाचे बोळे घालतात, म्हणजे रक्ताने पिसे माखत नाहीत. डोळ्यांचा, चोचीचा व पायांचा रंग ताबडतोब लिहून ठेवावा लागतो, कारण काही तासांतच हे रंग फिके पडतात. मग मापे घेतात. त्यानंतर छातीच्या हाडापासून शेपटीखालपर्यंत एकच सरळ छेद घेऊन, हळूहळू बोटांनी कातडे मांसापासून सोडवितात. ओल टिपण्यासाठी मधून मधून पीठ भुरभुरावे लागते. पाय गुडघ्याशी आणि पंख खांद्याशी तोडून त्यांची हाडे कातड्यालाच राहू देतात. मानेवरून कातडे मोजा उलटावा तसे उलटीत चोचीपर्यंत नेतात. मग डोळे आणि मेंदू काढून कवटी स्वच्छ करतात. हे सर्व करीत असता एकही पीस मोडता कामा नये, आणि कागदाहून पातळ असे ते कातडे फाटताही कामा नये.

कातडे निघाले की त्यावरील चरबी खरवडून आतल्या बाजूस सोमलाचा साबण लावतात. कातडे आणि पिसे खाणारे किडे त्यामुळे जवळ येत नाहीत. सोमल हे माणसालाही जहर आहे. म्हणून हे काम करणाऱ्याला आपली बोटे व श्वास सांभाळावा लागे, आणि म्हणूनच आज त्याचा वापर टाळतात. पुढे काडीला कापूस गुंडाळून शरीराच्या आकाराचा गाभा करतात, तो आत बसवितात, छेद शिवतात, आणि पिसे एकेक करून जागच्या जागी बसवितात. शेवटी पायाला चिठ्ठी बांधतात. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेस मिळाला, नर की मादी, कोणी मिळविला, हे सारे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. चिठ्ठी नसेल तर सुंदर कातडेसुद्धा अभ्यासकाला निरुपयोगी ठरते.

दालनात मांडण्याचे पक्षी याहून निराळ्या रीतीने तयार होतात. त्यांच्यात तारेचा सांगाडा घालून त्यांना जिवंतपणाची ढब देतात. मोठ्या जनावरांचे कातडे मीठ व तुरटी लावून आधी टिकाऊ करून घ्यावे लागते. लोक या सर्वांनाच पेंढा भरलेले प्राणी म्हणतात. पण अभ्यासासाठी केलेले पक्षी कप्प्यात पाठीवर निजलेले असतात. ते शोभेसाठी नसतात. ते पुरावा म्हणून जपलेले असतात.

सलीम अलींचे शिक्षण मात्र सरळ रेषेत झाले नाही. डोकेदुखीच्या विकाराने शाळा वारंवार बुडे. 1913 साली ते मॅट्रिक झाले. पुढे महाविद्यालय अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात गेले. तेथील रानात त्यांचे लक्ष धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच अधिक असे. 1917 साली परत आल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले, त्याबरोबरच सेंट झेवियर महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. 1918 साली तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याजवळ नव्हती, आणि त्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही.

1926 साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोनच वर्षांनी ते रजा घेऊन जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्या हाताखाली ते पक्ष्यांच्या कातड्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास शिकले. हेलिगोलंड बेटावर त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. तेथे पक्षी पकडून त्यांच्या पायांत हलके कडे घालीत आणि त्यांना पुन्हा सोडून देत. पक्ष्याविषयी माहिती मिळविण्यासाठी दर वेळी त्याचा प्राण घ्यावा लागत नाही, हा धडा त्यांनी तेथून आणला.

1930 साली ते परत आले, तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली होती. वय चौतिशीला आलेले, हाताला काम नाही, आणि शिकलेल्या विद्येला मोल देणारे कोणी नाही, असा तो काळ होता. तेव्हा ते पत्नीसह किहीम येथे राहावयास गेले. किहीम हे अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले गाव, त्या वेळच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील. नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरे आणि पुढे पसरलेली पुळण, असा तो मुलूख. पावसाळा सुरू झाला आणि सुगरण पक्ष्यांची घरटी झाडांना लोंबू लागली.

ज्याच्या हाती रिकामा वेळच तेवढा उरला आहे, असा दुसरा एखादा माणूस निराश झाला असता. सलीम अलींनी त्या वेळेचे सोने केले. बंदूक बाजूला ठेवून, घरट्यांजवळ तासन्‌तास स्थिर बसून त्यांनी प्रत्येक पक्ष्याची हालचाल टिपली. आपण त्या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि विणकामाचे श्रेय मादीला देतो. पण घरटे विणतो तो नर. पात्यांचे धागे चोचीने ओढून तो अर्धे घरटे तयार करतो. मग माद्या येऊन ते पारखतात. एखादीला ते पसंत पडले की नर ते पुरे करतो, आणि तिने अंडी घातली की जवळच दुसऱ्या घरट्याचा आरंभ करतो. तेथे दुसरी मादी येते. अंडी उबविण्याचे काम मादी एकटीच करते. एका नराने असे एकामागून एक संसार मांडणे, ही गोष्ट तोवर शास्त्रज्ञांना उलगडलेली नव्हती. 1931 साली संस्थेच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला, आणि बेकार झालेल्या या अभ्यासकाची कीर्ती देशोदेशी पसरली.

कप्प्यातील कातडे आणि झाडावरचा पक्षी या दोहोंचीही साक्ष काढावी, एवढ्यावर भागत नसेल तर पुन्हा पाहावे, हा त्यांचा बाणा होता. ह्यू व्हिसलर हे त्या काळचे नामांकित पक्षितज्ज्ञ. पल्लवपुच्छ कोतवालाच्या शेपटीच्या लांब पिसांना टोकाशी पल्लवासारखा झुबका असतो. त्याच्या आतल्या बाजूस तंतू नसतात, असे त्यांनी लिहिले होते. सलीम अलींनी दाखवून दिले की, पिसाच्या दांड्याला पीळ असल्यामुळे तसा भास होतो. ही चूक जुन्या पुस्तकांतून पुढे उतरत आलेली आहे. एका अनोळखी भारतीयाने आपली चूक काढावी, याचा व्हिसलर यांना प्रथम राग आला. पण त्यांनी आपल्या संग्रहातील कातडी पुन्हा काढून पाहिली, चूक कबूल केली, आणि ते सलीम अलींचे जिवलग मित्र झाले.

त्यानंतर सलीम अलींनी एक धाडसी प्रस्ताव संस्थानिकांपुढे मांडला. संस्थानाने फक्त प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च करावा, आपण विनावेतन तेथील पक्ष्यांची पाहणी करू. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा अनेक संस्थानांत त्यांनी रानोमाळ तंबू ठोकले. पहाटे पक्षी पाहावयाचे आणि मिळवावयाचे, दुपारी कातडी काढावयाची, रात्री टिपणे लिहावयाची, असा क्रम असे. तेहमिना या सर्व कष्टांत त्यांच्याबरोबर होत्या. 1939 साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा घाव फार मोठा होता, पण काम थांबले नाही. 1941 साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली आली. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1968 ते 1974 या काळात प्रसिद्ध झाला.

आपण मारलेल्या पक्ष्यांविषयी सलीम अलींनी कधी लपवाछपवी केली नाही. शास्त्रासाठी मोजके पक्षी मिळविणे आवश्यक होते, असे त्यांचे मत होते. मात्र जंगले तुटू लागली, पाणथळी आटू लागल्या, तेव्हा त्याच माणसाने पक्ष्यांच्या रक्षणासाठी आपला सर्व शब्द खर्च केला. भरतपूरचे तळे, जेथे पूर्वी राजेरजवाड्यांच्या शिकारी होत, ते पक्ष्यांचे अभयस्थान व्हावे म्हणून ते झटले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचविण्यातही त्यांचा वाटा होता. हेलिगोलंड येथे पाहिलेली कडी घालण्याची पद्धत त्यांच्या पुढाकाराने भारतात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. त्यांना मिळालेल्या गेटी पारितोषिकाच्या रकमेतून निसर्गरक्षणाचा निधी उभा राहिला. 1958 साली पद्मभूषण, 1976 साली पद्मविभूषण आणि 1985 साली राज्यसभेचे सदस्यत्व, असे मोठे मान त्यांना मिळाले. 1987 साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले.

संस्थेच्या कप्प्यांतील एका वटवाघळाची गोष्ट येथे सांगावयास हवी. 1948 साली दक्षिणेतील हाय वेव्ही डोंगरात हटन नावाच्या चहामळेवाल्याने ते मिळविले होते. एक साधे फलाहारी वटवाघूळ म्हणून ते चिठ्ठीसह कप्प्यात पडून राहिले. चोवीस वर्षांनी, 1972 साली थायलंडचे शास्त्रज्ञ थोंगलोंग्या यांनी ते पुन्हा तपासले. जगाला अज्ञात अशीच ती जात होती. तिला सलीम अलींचे नाव देण्यात आले. नीट काढलेले कातडे आणि नीट लिहिलेली चिठ्ठी यांची योग्यता अशी पुष्कळ वर्षांनी कळते.

1972 साली वन्यजीवरक्षणाचा कायदा झाला, आणि वन्य पशुपक्ष्यांची शिकार हा गुन्हा ठरला. आज चिमणी टिपण्यासाठी कोणा मुलाने बंदूक उचलू नये. त्याला दुर्बीण, कॅमेरा आणि वही एवढे पुरे आहे. पण नवी चिमणी दिसली तर तिचे नाव विचारावयास कचरू नये, आणि कोणी मूल असा प्रश्न घेऊन आले तर जाणत्याने त्याला दारातून परत पाठवू नये. मिलार्डसाहेबांनी त्या दिवशी कप्पे उघडले नसते, तर भारताला सलीम अली कदाचित लाभले नसते. किहीमच्या किनाऱ्यावर आजही पावसाळ्यात सुगरणीची घरटी वाऱ्यावर झुलत असतात.